साठपर्यंत

…तिसऱ्या बाटलीचं झाकण जरा तिरकं बसलं होतं. एवढंसंच, पण धम्मप्रियाला ते बारा वाजल्यापासून सारखं खुपत होतं. उठून सरळ करावं असं वाटत होतं आणि उठवत नव्हतं — कारण उठलं की खिडकीपाशी जावं लागणार, खिडकीपाशी गेलं की चौथी बाटलीही तिथं रांगेत ठेवावी लागणार, आणि चौथी बाटली अजून तिच्या मांडीवर होती. रुमालात गुंडाळलेली. कोमट.

खिडकीच्या कट्ट्यावर तीन बाटल्या. प्रत्येकीवर पांढरी चिठ्ठी, चिठ्ठीवर तिच्याच अक्षरात नाव — महामाया अश्वजित सोनकांबळे, वय नऊ — आणि खाली वेळ. सकाळी नऊला लेकीच्या पाठीत सुई घालून किडनीचे दोन बारीक तुकडे काढले होते, शेवईच्या तुकड्याएवढे, आणि त्यानंतरची प्रत्येक लघवी अशी बाटलीत धरून ओळीनं मांडायची होती. "डावीकडून उजवीकडे रंग फिका होत गेला पाहिजे," डॉक्टर बिराजदार मॅडम म्हणाल्या होत्या. "पहिली थोडी गुलाबी येईल, घाबरायचं नाही. पण नंतरची एखादी गडद आली तर लगेच सांगायचं." सोपं होतं. पहिली गुलाबी आली. दुसरी पिवळी, तिसरी पिवळी. आणि आता, दोन वाजून पाच मिनिटांनी…

अजून नीट पाहिलंय कुठे मी! पलंगाशी वाकून भांड्यातून बाटलीत ओतताना जे दिसलं ते सावलीत दिसलं, आणि सावलीत कुठलाही रंग गडदच दिसतो, हे मी नाही सांगायचं तर कोणी? चौदा वर्षं झाली, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लोकांचं रक्त आणि लघवी तपासून राहिले मी. उमरीत अर्ध्या बायांना माझं नाव ठाऊक नाही. लॅबवाली बाई म्हटलं की मात्र माझ्या दारात आणून सोडतात.

त्या ओळखीनंच आज घात केला. सकाळी पुनम सिस्टर तक्ता घेऊन आली — वेळ, रक्तदाब, नाडी, आणि शेवटी 'लघवीचा रंग' — आणि म्हणाली, "ताई, तुम्ही लॅबमधल्याच आहात म्हणे? मग हा रकाना तुम्हीच भरत जा की. तुमच्याइतकं इथं कोणाला कळतंय!" आणि तक्ता पलंगाच्या पायथ्याशी अडकवून पुढच्या पोराकडं गेली. तिला तरी काय बोलणार, अख्खा वॉर्ड तिच्या एकटीच्या अंगावर. आणि खरं सांगायचं तर तेव्हा धम्मप्रियाला बरंच वाटलं होतं. नांदेडच्या एवढ्या मोठ्या दवाखान्यात, जिथं सकाळपासून सगळे तिला 'सोनकांबळेची आई, बाजूला व्हा' म्हणत होते, तिथं कुणीतरी तिला तिच्या कामावरून ओळखलं होतं. तिनं पेन काढून ऐटीत लिहिलं होतं — फिकट गुलाबी. पिवळा. पिवळा.

चौथा रकाना कोरा होता.

"आई, मी कूस बदलू?"

"नाही माय. पाचपर्यंत नाही. असंच उताणं."

"पाठीला मुंग्या आल्यात."

"येऊ दे. मी हात फिरवते."

पाठीखाली टॉवेलची घट्ट वळकटी होती, तिच्या कडेनं हात घालून ती बोटं फिरवत राहिली. महामायाचा चेहरा उशीवर गोल गोल दिसत होता. आधी आजाराची सूज, मग गोळ्यांची. पाच महिन्यांत मूळचा चेहरा कुठं गेला ते कळलंच नाही. शाळेत पोरं 'भोपळा' म्हणत. ती घरी येऊन तसं सांगायचीसुद्धा नाही, शेजारच्या मुलीकडून कळायचं. फार सोसतं हे लेकरू, आणि ते सोसणं माझ्याकडून आलंय, म्हणून मला त्याचा राग येतो.

शेजारच्या पलंगावर बिलोलीकडच्या पारूबाई होत्या, तापाच्या नातीला घेऊन आलेल्या. डाळिंब सोलता सोलता त्यांनी मान वर केली.

"काय लिवलं गं बाई कागदावर? चांगलं हाय ना?"

"आहे… चांगलंच आहे."

"हाव. तू बघितलं म्हंजे झालं. आमाला कागद दावतेत, आमी अंगठा देतो, आन् मंग बसतो छाती बडवत. तुझं बरं हाय माय, तुला समदं कळतंय."

त्यांनी चार दाणे तिच्या हातावर ठेवले. काल नातीला सलाइन लावताना ह्याच पारूबाई एवढ्या मोठ्यानं रडल्या होत्या की चार पलंगांवरच्या बाया धावत आल्या, कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. आणि आज सकाळी महामायाला स्ट्रेचरवरून नेलं तेव्हा धम्मप्रिया पर्स छातीशी धरून ताठ उभी राहिली होती, आणि कुणीच तिच्याजवळ आलं नव्हतं. ह्या बाईला काय समजवायचं, तिला तर कळतंय, असंच वाटलं असणार सगळ्यांना!

कळतंय ना. सहीचा कागद बाकीच्या बाया न वाचता पुढं सरकवतात, मी ओळ न् ओळ वाचली. लघवीतून रक्त जाऊ शकतं. किडनीभोवती रक्त साठू शकतं. क्वचित रक्त द्यावं लागतं. फारच क्वचित, रक्त थांबलं नाही तर, ती रक्तवाहिनी आतून बंद करायला मोठ्या ठिकाणी न्यावं लागतं… तिथं सही करताना पेनची शाई संपली आणि क्लार्कनं दुसरं पेन दिलं. बस, एवढंच झालं. अपशकुन वगैरे मी मानत नाही, आमच्या घरात कुणीच मानत नाही, माझ्या आज्ज्यानं छपन्न सालीच ते सगळं गोदावरीत सोडलं. पण ती संपलेली शाई सकाळपासून आठवतेय.

फोन थरथरला. अश्वजित.

"कशी आहे?"

"ठीक आहे. झोपून आहे."

"शेवटचा तास तीनला सुटेल बघ. सव्वातीनची बस धरतो." मागं लातूरच्या क्लासमधला गलका ऐकू येत होता, डॉक्टर व्हायला आलेली शंभर-दीडशे पोरं, आणि हा त्यांना भौतिकशास्त्र शिकवणारा. "साडेसहापर्यंत पोचतो. लघवी झाली का?"

"चार झाल्या."

"रंग?"

तिनं रुमालाची घडी उगाच घट्ट केली. "बघतेय."

"तू बघून राहिलीस ना, मग मला फिकीर नाही," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावरही ते वाक्य कानात राहिलं. ऑगस्टमध्येही हेच म्हणाला होता. अगदी हेच, आणि वर हसलाही होता.

…ऑगस्ट. उमरीचं घर, न्हाणीघरातलं बेसिन, सकाळची पहिली लघवी. पट्टी बुडवायची, बाहेर काढायची, साठ सेकंद थांबायचं आणि डबीवर छापलेल्या चौकोनांशी तिचा रंग ताडून वहीत लिहायचं — पिवळी राहिली तर निल, हिरवट झाली तर ट्रेस, मग एक प्लस, दोन, तीन. जितकी हिरवी तितकं अंगातलं प्रथिन वाहून चाललेलं. जूनपासून रोज हेच. साठ मोजायचं काम महामायाचं. तिनं ते मागूनच घेतलं होतं, बेसिनला टेकून, टाचा उंचावून, वर्गात कविता म्हणतात तशी मोठ्यानं मोजायची. गोळ्यांना महिना उलटून गेला तरी पट्टी हिरवीच. मग मॅडम म्हणाल्या, "आणखी दोन आठवडे बघू. सलग तीन दिवस निल किंवा ट्रेस आलं तर गोळी कमी करू. नाहीच उतरलं तर मात्र बायोप्सी करून बघावं लागेल." बायोप्सी. लेकीच्या पाठीत सुई.

आणि एका सकाळी चाळीसाव्या आकड्याला धम्मप्रियानं पट्टीकडं पाहिलं. जेमतेम हिरवट झाली होती. अजून वीस सेकंद होते, रंग चढत होता, हे तिला कळत होतं, न कळायला ती काय शिकाऊ पोरगी होती! — आणि तिच्या तोंडून निघालं, "बस. झालं."

ट्रेस.

दुसऱ्या दिवशी, चाळीस. बस. ट्रेस. तिसऱ्या दिवशी महामाया "एकेचाळी—" म्हणेपर्यंत पट्टी केराच्या डब्यात होती, पुढं तिचं काय झालं हे बघायलाच नको म्हणून. मी खोटं लिहिलं नव्हतं. चाळीसला ट्रेसच होतं, कुणाचीही शपथ घेऊन सांगते. लॅबमध्ये शिकायला आलेल्या पोरींवर मी खेकसत असते, घड्याळ बघा, घड्याळ, साठ म्हणजे साठ, पट्टी काय तुमची वाट बघत बसणार आहे का… आणि स्वतःच्या बेसिनपाशी मी वीस सेकंद खाल्ले. तीन दिवस, रोज वीस. हिशेब केला तर एक मिनिट.

वही बघून मॅडमनी गोळी निम्म्यावर आणली. अश्वजितला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, तू बघितलंस ना, मग मला फिकीर नाही, आणि हसला. तिनं खीर केली. बारा दिवसांनी सकाळी महामायाचे डोळे उघडेनात एवढे सुजले. पाय सुजले, पोट सुजलं. "आजार उलटलाय," मॅडम म्हणाल्या, आणि पुन्हा पूर्ण गोळ्या, पुन्हा सहा आठवडे, पुन्हा भोपळा… आणि शेवटी, नोव्हेंबरात, बायोप्सीच. जी ऑगस्टमध्येच झाली असती. तेव्हा झाली असती तर सुई नीट बसली असती का? हे असं झालंच नसतं का? की होणार ते झालंच असतं? कुणाला विचारू? विचारायचं तर आधी सांगावं लागेल, आणि सांगणार कोणाला — नवऱ्याला, ज्याला फिकीर नाही?

तीन महिने ती ही गोष्ट एकटी वागवत होती. स्वयंपाक करताना, पट्ट्या बुडवताना, विहारात वंदनेला डोळे मिटून बसताना. आसपास माणसं असायची आणि त्यांच्यातलं कुणीच आत पोचायचं नाही.

"आई."

"हं."

"पोटात दुखतंय. इथं." महामायानं बरगडीखाली हात ठेवला. "मघाशीपण दुखत होतं."

धम्मप्रियानं तिथं हलकेच बोटं टेकवली. "फार?"

"न्हाई. थोडं." आणि मग, जरा थांबून, "रुमालात काय लपवलंस?"

"काही नाही."

"माझीच ना ती?"

तिनं रुमाल मांडीवर आणखी आत ओढला. महामाया छताकडं बघत होती, मान हलवायची परवानगी होती पण ती भीतीनं मानही हलवत नव्हती. मग तिनं आवाज अगदी बारीक केला, पारूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून.

"आई, लवकर बघ ना तिला."

"का गं?"

"लवकर बघितलं की कमी येतं. तेव्हा तू चाळीसला बघायचीस ना, तसं. साठपर्यंत थांबलं की वाढतं ते." ती जरासं हसली, फुगलेल्या गालांत डोळे बुडाले. "मी पप्पाला न्हाई सांगितलं. कुणालाच न्हाई सांगितलं."

वॉर्डातला पंखा फिरत होता. पलीकडं कुणाचं तरी बाळ रडत होतं. धम्मप्रियाला वाटलं की आपण हे ऐकलंच नाही, आणि त्याच क्षणी हेही वाटलं की हे आपण तीन महिने रोज ऐकतोय. म्हणजे मी एकटी नव्हते. माझ्याबरोबर ही होती. बेसिनला टेकून, टाचा उंचावून, नऊ वर्षांची माझी लेक माझी चोरी मोजत होती, आणि मोजून गप्प बसत होती, शाळेत भोपळा ऐकून गप्प बसते तशी. आणि वर तिला वाटतंय की आई लवकर बघते म्हणून आजार कमी येतो. की आजार किती, हे आईच्या हातात आहे…

शरम वाटली. दुसरं काही नाही, नुसती शरम, कानापर्यंत गरम.

ती उठली. खिडकीपाशी गेली. तिसऱ्या बाटलीचं झाकण काढून नीट बसवलं, मग रुमाल सोडून चौथी बाटली तिच्या शेजारी ठेवली, आणि एक पाऊल मागं सरली, जसं लॅबमध्ये सरते तसं, रंग अंगावर येऊ नये म्हणून. दुपारचं ऊन सरळ बाटलीतून येत होतं. सावलीबिवलीचा काही संबंध नव्हता. बिनदुधाच्या चहासारखा रंग, आणि तळाशी दोन बारीक काळपट गाठी.

तक्ता घेऊन तिनं लिहिलं — लाल. गडद. तिसरीपेक्षा बरीच जास्त. गाठी आहेत. पोटात दुखतंय. अक्षर वेडंवाकडं आलं.

"सिस्टर!"

हा आवाज आपला आहे हे तिला उशिरा कळलं. दवाखान्यात ओरडणाऱ्या नातेवाइकांवर डोळे वटारण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. "सिस्टर! अहो पुनम सिस्टर, इकडं या, रक्त जातंय तिचं!"

मग सगळं भराभर झालं, आणि तिला फक्त तुकडे आठवतात. रक्तदाबाचा पट्टा. पुनम सिस्टरचा उतरलेला चेहरा, "ताई, कधी झाली ही? दोन पाचला? आणि आता वीस झाले…" सोनोग्राफीचं मशीन ढकलत आणणारा माणूस. बिराजदार मॅडम, ओठ घट्ट मिटून पडद्याकडं बघणाऱ्या. किडनीच्या कडेला एक वेगळाच पट्टा दिसत होता, पहिल्या चित्रात नसलेला.

"रक्त साठलंय बाजूला," मॅडम म्हणाल्या. "तीन सेंटिमीटरच्या आसपास. बहुतेक वेळा आपोआप थांबतं, पण बघावं लागेल. तिला अजिबात हलू द्यायचं नाही, उद्यापर्यंत. हिमोग्लोबिन पाठवते, रक्ताची पिशवी तयार ठेवायला सांगते. नाहीच थांबलं तर हैदराबादला पाठवायची तयारी करू." त्या चौथ्या बाटलीकडं बघत होत्या. "लगेच सांगितलंत ते बरं केलंत. तुम्हाला कळतं म्हणून."

पंधरा मिनिटं मांडीवर ठेवली होती मॅडम. रुमालात. हे तिच्या तोंडाशी आलं, आणि त्याच्या मागून दुसरंच बाहेर पडलं.

"मॅडम, ऑगस्टमध्ये मी पट्टी चाळीसला वाचत होते."

"काय?"

"साठला नाही. चाळीसला वाचून ट्रेस लिहिलं. तीन दिवस. साठला जास्त आलं असतं. मला ठाऊक होतं."

मॅडमनी तिच्याकडं पाहिलं. मशीनचा पडदा मधेच काळा झाला.

"आज नको," मॅडम म्हणाल्या. "ह्याबद्दल बोलू आपण. पण आज नको." आणि महामायाच्या गालाला बोट लावून त्या निघून गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, कीव होती की नुसता थकवा, हे धम्मप्रियाला वाचता आलं नाही. आयुष्यभर रंग वाचणाऱ्या बाईला तेवढं वाचता आलं नाही.

चारला कागद आला. सकाळी दहा पॉइंट आठ असलेलं हिमोग्लोबिन नऊ पॉइंट सहावर आलं होतं. एक पॉइंट दोननं उतरलं. तिनं तो आकडा अश्वजितला कळवला, जसाच्या तसा, 'काळजी करू नका' न जोडता. आणि पुढं लिहिलं, आल्यावर एक गोष्ट सांगायची आहे. निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. बसमध्ये असेल, लातूर सोडून थोडंच पुढं कुठेतरी, पुन्हा पुन्हा तेच वाचत.

पारूबाई केव्हातरी येऊन तिच्या स्टुलाशी जमिनीवरच बसल्या होत्या. "रड की माय," त्या म्हणाल्या. "लॅबवालीला काय रडू येत न्हाई व्हय?"

तिला हसू आलं आणि त्या हसण्यातच डोळे भरून आले. पारूबाईंनी तिचा गुडघा घट्ट धरून ठेवला. त्यांना काय झालंय ते कळलं नव्हतं, आणि तरी हात गरम होता. पण तो हात सुटला की आपण पुन्हा एकटेच, हे तिला कळत होतं, आणि आता त्याचं तेवढं भयही वाटत नव्हतं.

पाचच्या सुमाराला महामाया म्हणाली, "आई, आली." पडदा ओढला, भांडं सरकवलं, आणि पाचवी बाटली भरली. ह्या वेळी तिनं ती रुमालात गुंडाळली नाही. पण मुठीत होती, बोटांच्या आड, आणि खिडकीतलं ऊन आता तिरपं होऊन भिंतीवर गेलं होतं. सिस्टर औषधांची गाडी घेऊन चार पलंग पलीकडं होती, इकडंच येत होती.

"बघितलीस?"

"नाही अजून. तूही बघ माझ्याबरोबर. दोघी बघू, आणि जे दिसेल ते सिस्टरला सांगू."

"मग मोजू?"

ह्याला मोजावं लागत नाही. रक्त असेल तर पहिल्या सेकंदालाच असतं, नसेल तर नसतं. हे तिला सांगता आलं असतं.

"मोज," धम्मप्रिया म्हणाली. "साठपर्यंत."

महामायानं डोळे मिटले आणि मोजायला लागली, उताणीच, बारीक आवाजात, प्रत्येक आकड्याला नेमका तेवढाच वेळ देत. दहा. वीस. पारूबाईंनी डाळिंब सोलायचं थांबवलं. मला पिवळा रंग हवा होता, जीव तोडून हवा होता, एवढा दुसरा कुठलाच रंग मला आयुष्यात कधी हवा नव्हता. तीस. बाटली हातात हळूहळू निवत होती. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस…

आणि चाळीसला महामाया थांबली. सवयीनं. डोळे उघडून तिनं आईकडं पाहिलं, 'बस' ऐकायला.

धम्मप्रिया काही बोलली नाही.

"एकेचाळीस," महामाया म्हणाली.